आई मागे राहिली

छत्रपती संभाजीनगर
३ डिसेंबर २०२५

प्रिय विश्वजीत,

प्रभूच्या नावात सलाम. तू, सोनिया आणि लेकरं खुशाल असाल. इकडे थंडी पडली आहे. मंडळीत नाताळाच्या गाण्यांचा सराव सुरू झाला, पण पेटीला तुझ्यासारखा हात अजून मिळालेला नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र समोरच्या चांदपाशाभाईंच्या हाती देते. ते रोज तुझ्या चिकलठाण्याला कामावर येतातच.

आई बरी आहे, असं लिहिणार होते. नाही लिहीत.

शेवटच्या काळी प्रभू मंडळीला महासंकटाच्या आधी वर उचलून नेणार असं तुझं, नंतर असं अप्पांचं, यावरून तू त्यांच्याशी भांडलास, मंडळी सोडलीस, अप्पांच्या मातीलाही परक्यासारखा लांब उभा राहिलास. ते मी गिळलं. पण दिवाळीच्या सुट्टीत येऊन तू आईला मोबाईलवर ती चित्रं दाखवलीस. ओसाड घरं, जमिनीवर पडलेले कपडे, माणसं गायब. वर म्हणालास, "अप्पांचंच धरून बसलीस तर तू मागं राहशील." ऐंशीच्या म्हातारीला हे सांगताना तुझी जीभ कशी रे वळली?

परवाच्या रविवारी उपासनेहून आल्यावर मी घाईघाईत साडी बदलली, बांगड्या उतरवल्या, सगळं खाटेजवळ तसंच टाकलं आणि शहागंजला बाजारात गेले. आई झोपली होती. उठली तर घर रिकामं, माझी साडी आणि बांगड्या जमिनीवर. समोर गुलशनबाजींच्या दाराला कुलूप, ते सगळे लग्नाला गेलेले. तुझं चित्रच तिच्यासमोर उभं राहिलं. मला हाका मारत ती अनवाणी बाहेर पळाली आणि पायऱ्यांवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं.

गुलशनबाजी परतल्या तेव्हा ती तिथंच पडून होती. त्यांना पाहून म्हणाली, "तू बी राहिलीस का गं माय?" त्या बिचारीला काय कळणार? आईचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाल्या, "हौ अम्मा, मैं बी रह गई."

आता ती दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन लगेच करा, अशी पडून राहिली तर फार दिवस काढणार नाही. आणि आई कुणाला हात लावू देत नाही. मनगटाला नंबराची पट्टी बांधली, ती तिनं ओढून तोडली. महासंकटातल्या सैतानी श्वापदाची खूण आहे म्हणते. अगं, मी इथं आहे, कुणी कुठं गेलं नाही, असं मी कितीदा सांगितलं. ती माझ्या गालावरून हात फिरवते आणि रडते, मीही राहिले म्हणून. उशीखाली पावाचे तुकडे लपवते, संकटात मला खायला होतील म्हणून. पाळकसाहेब समजवायला आले, तर त्यांना म्हणाली, "सायब, तुमी बी?" नर्स हसली. मला हसू आलं नाही, तुझा राग आला.

अप्पा म्हणायचे, नोहाच्या वेळी पुरानं ज्यांना नेलं ते बुडाले, राहिले ते तारवात बसून वाचलेले. तुला ते पटत नाही, नको पटू दे. आधी की नंतर, ते प्रभू बघेल. तुझी आई आज संकटात आहे.

आणि एक ऐक. तू महिनाभर फिरकला नाहीस, याचं तिनं उत्तर शोधलं आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईला, झाडणारीला, सगळ्यांना सांगते, "माझा विश्वजीत वर गेला. म्हणून येत नाय तो." हे सांगताना तिचा चेहरा फुलतो, आणि मला तिथं उभं राहवत नाही.

कुणीच गेलेलं नाही हे तिला पटवू शकेल असा एकच माणूस आहे. उद्या ये. बायबल घरी ठेव, मोबाईल घरी ठेव. तिच्या खाटेशी उभा राहा आणि तुझ्या तोंडानं सांग, की आई, मीपण इथंच आहे.

आईसोबत मागे राहिलेली,
तुझी मोनिकाताई