उदयपूर लांब नाही

प्रिय सुमन,

तुझं पत्र पोचलं. डॉक्टरांनी बाळंत होईपर्यंत प्रवास बंद करून पडून राहायला सांगितलंय, हे वाचलं आणि मी सूप घेऊन ज्वारी पाखडत बसले. हात चालू राहिले म्हणजे मला सुचतं. लहानपणी तुला जागेवर बसवणं अवघड होतं. सेलूच्या शाळेला जायची एस.टी. चुकली, तर रडत घरी न येता कुणाच्याही बैलगाडीत चढून निघायचीस. ती तू आता खाटेवर पडून असशील.

वालूरमध्ये कुणी तुझं विचारलं की मी सांगते, लेक लांब असते, येणं होत नाही. तुझे आप्पाही तेच सांगतात. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

परवा औरंगाबादहून तुझा किशनमामा आला. विमानतळावर त्याची टॅक्सी असते. मी त्याला तुझ्याकडं यायच्या रेल्वेचं विचारलं. तो म्हणाला, "आक्का, किती गाड्या बदलशील? पोचेस्तोवर दोन दिवस जातील. औरंगाबादचं विमान उदयपूरलाच उतरतं. साडेपाचशे किलोमीटर असंल, तासाभराचं काम."

मी त्याला पुन्हा विचारलं. तासाभराचंच म्हणाला. मला सेलूहून औरंगाबादला जायला अख्खी सकाळ लागते, आणि माझी लेक तिथून तासाभरावर. मग चार वर्षं आम्ही लांब कशाला म्हणत होतो, ते तुला ठाऊक आहे. विद्यापीठाच्या नामांतराचं नाव निघालं तरी आपल्या ओसरीवर अजून आवाज चढतात. तू बौद्धाच्या घरात लग्न केलंस, आणि आम्ही सगळा दोष त्या रस्त्यावर टाकला.

रात्री जेवताना मी आप्पांना सांगितलं, जाते म्हणून. ते हात धुऊन म्हणाले, "त्या घरचं पाणी पिऊन परत या घरात यायचं न्हाई." मी त्यांचं ताट उचललं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्या शब्दापुढं मी कधी गेले नव्हते. पण जायचं ठरवलेलं मी बदललं नाही.

शेजारची सुलाबाई दुसऱ्या दिवशी हळूच विचारायला आली, खरंच तिथं पाणी पिणार का. म्हटलं, "पाणीच कशाला? भाकरी थापीन अन् जावयाच्या पंगतीला बसून खाईन." आता गावभर झालं असेल. होऊ दे. मला तरी परत परत सांगावं लागणार नाही.

हातातले सोन्याचे गोठ मी मोडले. त्या पैशांत तिकीट आलं. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, सुमन. तुला येता येत नाही, तर मी येते. डिंक, खारीक, अळीव आणि जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी बांधून ठेवलीत. येत्या मंगळवारी विमानतळावर जावईबापूंना पाठव. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण त्यांना सांग, हिरव्या लुगड्यातली, विमानातून उतरताना कठडा घट्ट धरलेली बाई दिसली, की ती त्यांची सासू.

परतीचं तिकीट कधीचं काढू, असं किशननं विचारलं होतं. मी सांगितलं, आत्ता काढू नको.

तुझीच,
आई