तिसऱ्या वळणाची दोरी

३ फेब्रुवारी
मोटार शर्यतीचा सुरक्षाप्रमुख म्हणून नेमणूक. अखेर लायक माणूस सापडला त्यांना! ठराव: तिसऱ्या वळणाबाहेर चिटपाखरूही उभं राहणार नाही. वेगात गाडी हातातून सुटली की तिथेच येते. प्रेक्षकांची दोरी चाळीस मीटर मागे. तडजोड नाही.

९ फेब्रुवारी
शर्यत समितीचे अध्यक्ष म्हणाले, चाळीस मीटरवरून लोकांना काय दिसणार, कपाळ? मी ठणकावून सांगितलं, जीव महत्त्वाचा. ते म्हणाले, मग दुसरा माणूस बघतो. पंचवीसवर आलो. तत्त्व शाबूत आहे, आकडा तेवढा बदलला.

१४ फेब्रुवारी, दुपारी
दोरी बारा मीटरवर. ड्रायव्हर खूश. लोक जवळ असले की जोर चढतो म्हणे. जिवावर उदार होणं हा त्यांचा धंदाच. प्रेक्षकही काही कुक्कुली बाळं नाहीत. मी काय सगळ्यांचा बाप आहे? 'धोका' अशी ठळक पाटी लावली. जबाबदारी संपली.

१७ फेब्रुवारी
साडूभाऊंचा फोन. एवढा साहेब झालास, पुढचा पास दे की! दिला. तिसरं वळण, पहिली रांग. लग्नापासून या माणसाने मला कारकुंड्या म्हणून हिणवलं. आता कळू दे, वट कशाला म्हणतात.
बायको आणि मुलीला मात्र टेकाडावरच्या मंडपात बसवणार. तिथे सावली आहे. दुसरं काही कारण नाही.

१९ फेब्रुवारी, सकाळी
आज शर्यत. वळणावर स्वतः उभा राहणार. लोकांना धीर येतो.

दुपारी
अँब्युलन्सपाशी थांबलोय. प्रमुखाने मध्यवर्ती ठिकाणी असावं.

संध्याकाळी
गाडी सुटली. दोरी तोडून थेट लोकांत. सहा जखमी. साडूभाऊंचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. अध्यक्षांनी पत्रकारांना सांगितलं, दोरीचं सगळं सुरक्षाप्रमुखांकडे होतं. वरची ओळ तीनदा खोडून लिहिली. बहुतेक उपाशी असल्यामुळे.

२१ फेब्रुवारी
हॉस्पिटलात गेलो. धीराची चार वाक्यं पाठ करून. पण साडूभाऊंनीच माझा हात धरला. म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस रे, गाडी कुठे सुटेल हे आधी कुणाला कळतं?
मी मान डोलावली. बायको पलंगाच्या पलीकडे उभी होती.
घरी येताना तिने एवढंच विचारलं, आम्हाला टेकाडावर का बसवलंत? मी तोंड उघडलं तर म्हणाली, राहू द्या.
मुलीला घेऊन बहिणीकडे गेली आहे. आजारपणात घरचं माणूस लागतंच. दोन दिवसांत येईल. कपाट तिने बरंच रिकामं केलंय.