सहाजणींचं गाणं

१२ एप्रिल
अल्बमचे आठही गाणे रेकॉर्ड झाले. मानोरा गावात, राजूच्या घरी वरच्या खोलीत, भिंतीले गाद्या लावून, पंखा बंद करून. राजू ड्रमवर, मी गिटार, गाणारी तांड्यावरची अनिता. शेवटचं 'सहाजणी' तिनं एकाच टेकमधी गायलं. ऊसतोडीले नेलेल्या तांड्यातल्या सहा बाया, कामात खाडा नको म्हणून मुकादमानं त्यांच्या गर्भपिशव्या काढवल्या, त्याचं गाणं. त्यात अनिची माय आहे. मुकादमाचं नावही आहे. गाऊन झाल्यावर अनि खालीच बसली.

१५ एप्रिल
मुकादम निवडणुकीले उभा राहून राह्यला. राजूचा भाऊ त्याचाच ट्रॅक्टर चालवते. राजू म्हणे, "नाव काढ ना बे. बाकी गानं राहू दे." मी म्हटलं, मंग राह्यलं काय?

१६ एप्रिल
खोलीले कुलूप. राजू फोन उचलत नाही. रेकॉर्डिंग माझ्या लॅपटॉपमधी, म्हणून वाचलं.
वाचलं का?

१९ एप्रिल
वावरातले वांगे बाजारात विकायले टाकले अन् तसाच तांड्यावर गेलो. अनिच्या मायले, जमनाकाकूले, कोणीतरी फोनवर गाणं ऐकवलं. राजूच्या फोनमधी एक कॉपी होती, त्यानंच दिलं असन.
"मले इचारलं काहून नाही?" काकू म्हणे. "अनिच्या बापालेबी पुरं मालूम नवतं."
अनि उठून घरात गेली. मुकादमाले भ्यालो, केस होईन म्हणून पोलिसाले भ्यालो, काकूले विचारायचं सुचलंच नाही. अशी लाज कधी वाटली नव्हती.

२१ एप्रिल
अनि म्हणते, सारा अल्बम पुसून टाक. दोन वर्षांचं काम. नाही म्हटलं त ओरडली, "तुही माय असती त?"
फाईल निवडून बसलो. डिलीट दाबलं नाही.

२४ एप्रिल
काकूनं बोलावलं. ते गाणं परत लाव म्हणे. लॅपटॉप ओट्यावर ठेवला. अनि आतच. काकूनं डोळे मिटून पुरं ऐकलं. गिटारचा सोलो आला तेव्हा वाटलं, एवढा लांब कायले वाजवला मी.
"सहा नाही, नऊ होतो आमी. तिघीइचं कोनं सांगतलंच नसन तुमाले."
मग एकेक नाव सांगितलं. दोघी आता जिवंत नाहीत. "बाकीच्याइच्या घरी जा. इचारा. त्या हो म्हनल्या त मी हो."
अनि आतून, "मी नाही येत."

२५ एप्रिल
पहिलं घर सोनीबाईचं. नवरा दारात बसलेला. "काय काम हाये?" काय सांगू? बायाइचं काम आहे म्हटलं, त तो उठून उभा राह्यला. आतून बाईचा आवाज आला, "कोन हाये वो?" त्यानं दार ओढून घेतलं.
परत येताना अनिले फोन केला. म्हटलं, तुह्याबिगर त्या बाया माझ्याशी बोलणार नाहीत. मी त त्यांच्या दारातही उभा राहू शकत नाही.
तिनं फोन ठेवला नाही. विचारलं, "पुढचं घर कोणाचं?"