ओल्या पानाची तोडणी

माय, त्या हिवाळ्यात तुला काय होत होतं ते मला कळलं आहे. कळून तीन वर्षं झाली. चंद्रपूरला एका हॉटेलच्या हॉलमध्ये कंपनीनं आम्हाला प्रशिक्षणाला बसवलं होतं. मी तंबाखूच्या कंपनीत नोकरी करते, हे ऐकून तू हसली असतीस. एक-दोन एकरवाल्यांशी ही कंपनी रोपं लावायच्या आधी करार करते, आणि ते पान कोणी तोडलं, कसं तोडलं, हे बघायला मला नदीकाठच्या गावांतून फिरवते. लांबच्या देशातले घेणारे तसं विचारतात म्हणे. वावरात लेकरं नकोत, पोटुशी बाई नको, पान सुकवायला जंगलातलं लाकूड नको. शिकवणारा पोरगा पुण्याकडचा होता, मवाळ बोलायचा. तो म्हणाला, दवानं ओलं असलेलं पान तोडू नका, पानातलं विष त्या पाण्यात उतरतं आणि कातडीतून अंगात जातं. मग त्यानं पडद्यावर लक्षणं दाखवली. चक्कर, उलटी, थंड घाम, हातापायाला कापरं. एक-दोन दिवसांत आपोआप उतरतं, पुन्हा ओल्यात गेलं की पुन्हा होतं. माझ्या शेजारची बाई वहीत उतरवून घेत होती. मी उठून बाहेर, हात धुवायच्या नळापाशी गेले.

मला ती सकाळ दिसत होती. मी नववीत आहे, अहेरीच्या वसतिगृहातून सुट्टीला घरी आले आहे. प्राणहिता नदीवरून धुकं येतं आहे आणि तू उजाडायच्या आधीच वावरात उतरली आहेस. खालची पानं आधी, वाकून, मोडल्याचा बारीक आवाज करत. तोडलेली पानं तू काखेत धरतेस, छातीशी घट्ट, कारण खाली टाकली तर माती लागते. तुझं लुगडं गुडघ्यापासून खांद्यापर्यंत भिजलेलं असतं. हाताला काळा चीक बसलेला, साबणानं न निघणारा, त्या हातानं कालवलेला भात आम्हाला कडू लागायचा. दहा वाजेपर्यंत तू बरी असायचीस. मग तुझा चेहरा राखेसारखा व्हायचा, तू धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून ओकायचीस आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा उजाडायच्या आधी वावरात. बाबा आधी काळजी करायचे, नंतर चिडायला लागले. शेजारच्या काकूनं वारं लागलं म्हणून अंगारा लावला. आणि मी, शाळेत शिकणारी, सगळ्यांत हुशार, माझं मत असं होतं की तुला काम नकोसं झालं आहे.

मला तू सकाळी वावरात येऊच द्यायची नाहीस. मी निघाले की म्हणायचीस, "तू नको येऊ आता. ऊन पडू दे, मंग ये." कधी पाणी भरायला सांगायचीस, कधी तांदूळ निवडायला, कधी उगाच काकूकडे काहीतरी द्यायला पाठवायचीस. मला वाटायचं, माझ्या हातून पान फाटतं म्हणून तुझा माझ्यावर भरवसा नाही. त्याचा मला राग होता, आणि तो राग एका दिवशी बाहेर पडला. पान घेणारा व्यापारी अंगणात आला होता. मांडवात दोरीवर ओवलेली पानं त्यानं हातानं चाचपून बघितली, आणि बाबांना विचारलं की उरलेली तोडणी कधी होईल, घरची बाई कुठे आहे. तू आत पडली होतीस. बाबा काही बोलायच्या आत मी म्हणाले, "तिचं रोजचंच हाय. नाटक करून राह्यली." दोन-चार माणसं हसली. दार उघडंच होतं. थोड्या वेळानं तू उठून बाहेर आलीस, पदर खोचलास, माझ्याकडे न बघता वावराकडे गेलीस. सूर्य मावळेपर्यंत तोडलंस. आल्यावर मला जेवायला वाढलंस, नेहमीइतकंच, आणि एवढंच म्हणालीस, "तुले बरं नसलं ना, तं मी असं नाई म्हणणार." तो राग नव्हता. तू मला फक्त सांगत होतीस. मी खाली मान घालून जेवले आणि माफी मागितली नाही.

तेव्हा तुला पाचवा महिना होता. महिनाभरानं ते मूल गेलं. मी वसतिगृहात परत गेले होते. मला काकूच्या निरोपानं कळलं, तेही अर्धवट. प्रशिक्षणात जेवणाच्या सुट्टीत मी त्या पोराला गाठलं आणि एका ओळखीच्या बाईचं म्हणून विचारलं, की तसं झालं ते या पानामुळे झालं असेल का. तो खरा होता, त्यानं ठोकून दिलं नाही. म्हणाला, ताई, एवढ्या वर्षांनी कोणालाच सांगता येणार नाही, पण म्हणूनच तर पोटुशीला वावरात उतरू द्यायचं नाही. तर मीही म्हणत नाही की त्यामुळेच झालं. चार वर्षांनी पावसाळ्यात नाल्याला पूर आला, रस्ता बंद होता आणि तू तापानं गेलीस. त्याचा या पानाशी काही संबंध नाही, हे मला माहीत आहे. तरी हॉलमध्ये परत आल्यावर माझ्या मनात एकच गोष्ट बसली. तुला कोणी शिकवलं नव्हतं, पण ऊन पडल्यावर तोडलं की इतकं होत नाही, हे तू अंगावर काढून ओळखलं होतंस. म्हणून मला थांबवत होतीस. आणि स्वतः मात्र ओल्यात जायचीस, कारण दव वाळायची वाट बघितली असती तर एकटीच्यानं तोडणी झाली नसती.

गेल्या हिवाळ्यात माझ्या यादीतल्या एका गावात सकाळी सातला पोचले, तर धुक्यात एक बाई पान तोडत होती. पंचविशीची असेल. नवरा नदीपलीकडे तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, घरी म्हातारी सासू. वाकताना तिचं पोट दिसलं. कंपनीनं दिलेले हातमोजे धुऱ्यावर होते, बोटं फाटलेले. मी तिला बाहेर बोलावलं आणि प्रशिक्षणापासून पाठ असलेले नियम सांगायला लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, पान पिकून राह्यलं. तुमी सांगा, कोण तोडन?"

नियम असा की हे तपासणीच्या कागदावर लिहायचं, आणि दोनदा लिहिलं गेलं की पुढच्या हंगामात करार नाही. मजूर लावून द्या असा नियम नाही. मी तिला सासूजवळ बसवलं, साडीचा पदर खोचला आणि वावरात उतरले. माय, मला वाटलं होतं मी विसरले असेन, पण हात विसरले नव्हते. पानं काखेत धरली, छातीशी. ऊन वर येईपर्यंत माझा सगळा ब्लाऊज भिजला होता. अकराच्या सुमारास वावर फिरायला लागलं. मी धुऱ्यापर्यंत पोचले आणि ओकले, पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिले. अंग बर्फासारखं गार आणि त्यावर घाम. त्या पोरीनं माझं कपाळ धरलं, मला खाटेवर निजवलं, तोंडात पाणी घातलं. मी भिंतीकडे तोंड केलं. उजेडही सहन होत नव्हता, कोणी बोललेलंही नको होतं. आणि तू हे सगळं पोटात मूल घेऊन, रोज, त्या सगळ्या हिवाळ्यात केलंस, आणि वर उठून माझ्यासाठी भात रांधलास. खाटेवर मी रडले तेव्हा त्या पोरीला वाटलं मला फार दुखतं आहे. ती सासूला म्हणाली, गाडी बोलवू का. मी नको म्हटलं.

त्या दिवसाच्या कागदावर एक प्रश्न आहे, गरोदर स्त्री ओल्या पानाची तोडणी करताना आढळली का. मी 'नाही' लिहिलं. तिला नवे हातमोजे दिले, दव अंगाला लागू नये म्हणून गाडीतला माझा रेनकोट दिला, ऊन पडल्याशिवाय वावरात जाऊ नकोस म्हणून बजावलं, आणि तिनं मान हलवली. तुझी माफी एवढ्यानं मागून झाली, असं त्या वेळी मला वाटलंही असेल. पण हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून पुढचंही लिहिते. आठ दिवसांनी त्याच रस्त्यानं मी दुसऱ्या गावाला चालले होते. सकाळचे साडेसात झाले असतील. ती वावरात होती, वाकलेली, अंगात रेनकोट नव्हता. तिनं माझ्या गाडीचा आवाज ऐकून वर पाहिलं. मला पुढे सात घरं करायची होती. मी गाडी थांबवली नाही.