शर्यतीला नेलेली गाडी

थळ, ता. अलिबाग, जि. कुलाबा
३ ऑक्टोबर १९६५

प्रिय येसाजीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. लढाई थांबली, तेव्हा खिडक्यांवर चिकटवलेले काळे कागद काशीनं काल ओले करून खरवडून काढले. ती आता नववीत आहे. उंचीनं माझ्या कानाला लागते आणि बोलण्यात मला ऐकत नाही. हे रेवस-अलिबाग एसटीवर असतात. मुंबईची लाँच लागली की बस भरते, आणि धक्क्यावरची माणसं अजून ह्यांनाच विचारतात, पुढं टांगा मिळेल का, मुरूडची गाडी केव्हा. आठ वर्षांत एक कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नाही म्हणून डेपोत ह्यांचा सत्कार झाला. शाल मिळाली, ती ह्यांनी घडी न मोडता ट्रंकेत ठेवली. हे सगळं तुला आधी लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण गेला वैशाख उलटल्यापासून तुला पत्र लिहायला बसले की हात थांबतो.

तुला आपली उतारूंची गाडी आठवत असेलच. सत्तावन्न सालची. मुंबईत बारा वर्षं शेटची गाडी चालवून हे गावी परत आले ते एकच गोष्ट मनात धरून, की आता दुसऱ्याचं दार उघडून उभं राहायचं नाही, स्वतःच्या गाडीचं दार उघडायचं. वाडी विकली. सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत. गाडी कोरी घ्यायची हा ह्यांचा हट्ट होता, कारण जुनी गाडी म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या चुका आपण निस्तरायच्या, असं हे म्हणत. तू त्या वेळी मोटार कंपनीच्या एजंटाच्या गॅरेजात मेकॅनिक होतास. ती नोकरीही ह्यांनीच शेटकडे शब्द टाकून मिळवून दिलेली. आई गेल्यावर तू माझ्याबरोबर या घरात आलास तेव्हा बारा वर्षांचा होतास. वरसोलीच्या ओल्या वाळूवर शेटची गाडी आणून ह्यांनी तुला स्टिअरिंग धरायला शिकवलं. समुद्राकडे बघू नको, पुढं बघ, म्हणून ओरडत होते. मी कडेला उभी राहून हसत होते.

गाडी घेऊन तुम्ही दोघं आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. धरमतरच्या खाडीवर तरीच्या होडीतून गाडी उतरवताना ह्यांनी चपला काढल्या होत्या. घरी आल्यावर ओटीवर बसून तू कंपनीची ती छोटी इंग्रजी पुस्तिका आम्हाला मराठीत सांगितलीस. गॅरंटी सहा महिन्यांची. तोवर इंजिनात काही बिघडलं तर कंपनी करून देणार. पण पहिले हजार मैल ताशी तीस मैलांच्या वर न्यायची नाही, हजार मैल झाले की त्यांच्याच गॅरेजात दाखवायची, ठरल्यापेक्षा जास्त माणसं भरायची नाहीत, आणि गाडी शर्यतीत उतरवली तर गॅरंटी त्या दिवशी संपली. शर्यतीचं ऐकून आम्ही सगळे हसलो. रेवसच्या रस्त्यावर शर्यत कोणाशी लावायची, बैलगाडीशी? सगळ्यात मोठ्यानं तू हसलास. ते हसणं आता माझ्या कानातून जात नाही.

ह्यांनी हजार मैल अक्षरशः पाळले. सायकलवाले पुढं जायचे. उतारू म्हणायचे, अहो, आम्ही उतरून चालू का? हे हसून म्हणायचे, नवी सून हाय, दमानं घ्यायला हवं. हजार मैल भरले तेव्हा पनवेल-ठाण्यावरून फिरून गाडी मुंबईला नेली आणि शनिवारी तुझ्या हाती दिली. तू म्हणालास, दाजी, तुम्ही घरी जा, मंगळवारी मी स्वतः आणून देतो. आणून दिलीस. धुऊनपुसून, टायरलासुद्धा काळं लावून. मी तुला कोलंबीची खिचडी केली होती.

दोन महिन्यांनी कार्ल्याच्या खिंडीत इंजिनानं ठोके द्यायला सुरुवात केली आणि पोयनाडच्या अलीकडे आतला दांडा तुटून बाहेर आला. रस्ताभर तेल सांडलं. गाडी मालट्रकला बांधून मुंबईला नेली. ह्यांचा चेहरा उतरला होता, पण घाबरलेले नव्हते. सहा महिने व्हायचे होते. चौथ्या दिवशी हे एकटेच परत आले. मला एवढंच म्हणाले, कंपनीनं गॅरंटी नाकारली. मी का म्हणून विचारलं. म्हणाले, मी गाडी शर्यतीत उतरवली होती.

येसाजी, मी त्या माणसावर विश्वास ठेवला. हेच माझं पाप. बारा वर्षं ज्यानं मला एक शब्द खोटा सांगितला नाही, तो सांगतोय म्हणजे खरंच असणार असं मी धरलं. वाडी विकून आणलेली गाडी, आणि मुंबईला नेल्यावर पोरासारखी हौस भागवून आले! पुढं मी ह्यांना काय काय बोलले ते तुला माहीत आहे, कारण त्यातलं बरंचसं मी तुझ्यासमोर बोलले. गाडी मोडीत गेली. हे एसटीत लागले, पुन्हा दुसऱ्याची गाडी. मी शिवणयंत्र घेतलं. बस जोरात आली की मी म्हणायची, आज कप मिळाला का? काशी सहा वर्षांची असल्यापासून हे ऐकत मोठी झाली. बाबांनी हौसेपायी गाडी घालवली, हे तिला पाढ्यांसारखं पाठ आहे. मागं एकदा कशावरून तरी तिनं ह्यांना तोंडावर सांगितलं, तुमचं कोण खरं मानणार? मी स्वयंपाकघरात होते. मी तिला गप्प केलं नाही.

वैशाखात काशीदचे बुधाजी आले होते. तुझ्या गॅरेजात पत्र्याचं काम करायचे ते. मुलीचं लग्न ठरलं म्हणून पोलकी शिवायला टाकली, आणि चहा पिताना ओळख निघाली. येसाजीची तू बहीण? मग काय विचारतोस, तुझं कौतुक सुरू झालं. त्यांना वाटलं, मला माहीतच असणार. "काय चालवली व्हती त्यानं त्या दिवशी! जुन्या विमानतळावर कडब्याच्या पेंढ्या लावून वळणं केलेली. साहेब लोकांच्या परदेशी गाड्या, आन् आपला येसाजी तिसरा आला. इंजिन निस्तं किंचाळत व्हतं. पाव्हण्याची गाडी हाय, म्हनला." माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. मी विचारलं, कुठली गाडी? त्यांनी रंग सांगितला.

पुढचं मी त्यांच्याकडून एकेक करून काढून घेतलं. गाडी मालकानं स्वतः चालवायची असा शर्यतीचा नियम होता, म्हणून तू अर्जावर मालकाचं नाव लिहिलंस आणि सहीही त्याच नावानं केलीस. इंग्रजी पेपरात फोटो आला. आपल्या कंपनीची गाडी तिसरी आली म्हणून तुमच्या साहेबांनीच ते कात्रण गॅरेजाच्या फळ्यावर लावलं. डोळ्यांवर मोठा चष्मा, डोक्याला टोप, चेहरा कुणाचाच नाही. पण गाडीचा नंबर स्वच्छ. दोन महिन्यांनी त्याच नंबराची गाडी फुटलेलं इंजिन घेऊन दारात आली, तेव्हा साहेबांना फळ्याकडे बोट दाखवायचं एवढंच काम उरलं.

बुधाजी त्या वेळी तिथंच होते. इंजिन उघडून बाकावर ठेवलेलं. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, हे इंजिन कोवळं असताना कोणीतरी पिळून काढलंय. मग ह्यांना विचारलं, गाडी शर्यतीत नेली होतीस? हे म्हणाले, "न्हाय साहेब. माझ्याशिवाय या गाडीला हात लावला तो तुमच्याच मान्सानं." साहेबांनी कात्रण पुढं केलं. खाली छापलेलं होतं, मालक आणि चालक, हरेश्वर घरत. नवऱ्याचं नाव मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे. बुधाजी म्हणाले, ह्यांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. त्यात तुझा चौकड्यांचा शर्ट होता. तो मी शिवला होता. खिशाला कापड कमी पडलं म्हणून चौकडी आडवी लावलेली. ह्यांनी मान वर केली आणि तुझ्याकडे पाहिलं. तू बाकाच्या पलीकडे उभा राहून पाना पुसत होतास. पुसतच राहिलास. मग हे म्हणाले, "व्हय. मीच चालवली."

साहेब हसले. आत्ता नाही म्हणालास, आता हो म्हणतोस! असली माणसं आम्ही रोज बघतो, असं त्यांनी सगळ्या गॅरेजासमोर म्हटलं आणि कागदावर सही घेतली. बुधाजींना आजही वाटतं की तुम्ही दोघांनी मिळून ठरवून केलं होतं. त्यांनी मला एक गोष्ट सहज सांगितली, आणि ती मला सगळ्यात जास्त लागली. म्हणाले, येसाजीनं कबूल केलं असतं तर त्याची नोकरी गेली असती खरी, पण गाडी त्या वेळी गॅरेजाच्या ताब्यात होती. त्यांच्याच माणसानं नेली म्हटल्यावर इंजिन त्यांना घालून द्यावंच लागलं असतं. म्हणजे तुझं एक वाक्य. तेवढं बोलला असतास तर गाडी परत आली असती. तुला दुसरी नोकरी मिळाली असती रे, तुझ्या हातात कसब होतं. ह्यांच्या हातात काय राहिलं?

संध्याकाळी हे डेपोतून आले तेव्हा मी विचारलं. रागावले. बुधाजीवर, तुझ्यावर नाही. पाय धुतले, ओटीवर बसले, आणि म्हणाले, पोराला दुसरं कोण होतं? तुझा एकच भाऊ. मी म्हटलं, मग मला तरी सांगायचं होतं. आठ वर्षं मी काय काय बोलले! तर म्हणाले, तुला सांगितलं असतं तर तू त्याला घरात घेतलं नसतंस. खरं होतं ते. मी ह्यांच्या पायाशी बसून रडले नाही. रडून मोकळं व्हायचा मला हक्क नव्हता. दुसऱ्या दिवशी डब्यात ह्यांच्या आवडीची सुकटीची चटणी दिली. आठ वर्षांचं परत करायला माझ्याजवळ दुसरं काय आहे? काशीला काही सांगायचं नाही, अशी शपथ मात्र ह्यांनी मला घातली.

आणि तू? आठ भाऊबीजा तू या पाटावर बसलास. मी ओवाळलं. ताटात मासळीचा चांगला तुकडा मी तुला वाढला आणि त्याच पंगतीत ह्यांना टोमणे मारले. तू खाली मान घालून जेवलास. मला वाटायचं, माझा भाऊ किती समंजस, दाजींची बाजू घेत नाही की माझी घेत नाही. एकदा तर तू मला म्हणालास, जाऊ दे ताई, माणसाच्या हातून चूक होते. कोणाची चूक म्हणत होतास, येसाजी? मी चार महिने हे वाक्य उलटसुलट करून बघते आहे. तू शर्यत धावलास, त्याचं मला इतकं काही नाही. चोवीस वर्षांचा होतास, हातात कोरी गाडी, पाय आवरला नसेल. पण पाना पुसायला इतका वेळ लागत नाही.

आता हे पत्र का, ते सांगते. गेल्या आठवड्यात तुझं पत्र आलं, ह्यांच्या नावानं. पोयनाडच्या रस्त्यावर तुला पेट्रोल पंप मिळायचा आहे, त्यासाठी मोटारीच्या धंद्यातल्या स्थानिक माणसाचं चारित्र्याचं पत्र लागतं, आणि दाजींचा सत्कार झाल्याचं तू ऐकलंस. ह्यांनी त्याच दिवशी पत्र लिहून दिलं. ते सोबत घातलं आहे. 'येसाजीला मी लहानपणापासून ओळखतो. तो सचोटीचा आहे. विश्वासानं सोपवलेली वस्तू तो स्वतःच्या वस्तूप्रमाणे जपतो.' तिरकस नाही लिहिलेलं. मनापासून लिहिलंय, तसे आहेत ते. त्यांच्या आयुष्यातलं हे दुसरं खोटं, आणि दोन्ही तुझ्यासाठी. मी फाडणार होते. पण टपालात टाकते म्हणून त्यांच्याकडून घेतलं होतं, म्हणून पाठवते आहे. ते पेट्रोलच्या कंपनीला द्यायचं की नाही, हे तू ठरव. दिलंस तर पंप तुला मिळेल, ह्यांच्या अक्षराला आता किंमत आहे. मग भाऊबीजेला येऊ नकोस. नाही दिलंस तर ये. मला शपथ घातली आहे, तुला घातलेली नाही. ओवाळून घेण्याआधी काशीला समोर बसव, आणि तिच्या बापानं ती गाडी कधीच शर्यतीत चालवली नाही, हे तुझ्या तोंडानं तिला सांग.

तुझीच,
कमळताई