बासष्ट अंश

४ मार्च, सकाळ

प्रिय ठकूबाई,

अनेक आशीर्वाद. इकडे मी आणि तुझी आई दोघंही धडधाकट आहोत. तिचा गुडघा आणि माझं तोंड सोडलं तर घरात तक्रार करण्यासारखं काही नाही, असं तीच सांगते. तुझ्या त्या विम्याच्या ऑफिसातली खिडकी आता तरी उघडते का? गुदमरायला होतं असं मागे आईला म्हणाली होतीस. बिजागरीत गंज असेल. दोन थेंब तेल सोड आणि अर्धा तास वाट बघ, लगेच ओढाओढ करू नकोस.

बाबाचं पत्र बघून तू दचकशील. खिशात फोन असताना हा माणूस कागद का काळे करतोय? पण फोनवर माझं कसं होतं ते तुला ठाऊक आहे. "कशी आहेस, जेवलीस का, घे, आईशी बोल." एवढ्यात माझा सगळा साठा संपतो. आज म्हटलं, आई मधे येणार नाही अशा ठिकाणी बसून बोलावं. म्हणून दुकानात बसून लिहितोय.

दुकान ठीक चाललंय. ऊन तापायला लागलं की लोकांना माझी आठवण होते. काल एक बाई चालू असलेला फ्रीज घेऊन आल्या, बंद पडेल अशी शंका येते म्हणून! शेजारच्या घड्याळवाल्याने कानाला यंत्र लावलंय. आता त्याच्याबद्दल जे काही बोलायचं ते आम्हाला रस्ता ओलांडून बोलावं लागतं. मीही आता चाळिशी लावतो, नाकावर, सगळ्यांच्या देखत. हसू नकोस.

दुसरी बातमी म्हणजे तुझा कॉम्प्युटर मी कपाटातून बाहेर काढलाय. रागावू नकोस, काही मोडलं नाही. त्यातलं ग्राफिक्स कार्ड उघडून साफ केलं. तेच कार्ड, पाच वर्षांपूर्वी आपण दोघांनी याच बाकावर उघडलं होतं ते.

तो दिवस मला लख्ख आठवतो. तुझी कॉलेजची शेवटच्या वर्षाची ॲनिमेशन फिल्म व्हायची होती. जोडीदार शोधत फिरणाऱ्या एका मोज्याची गोष्ट. चारच मिनिटांची, पण त्यासाठी कॉम्प्युटरला पाच हजारांवर चित्रं एकेक करून रंगवायची होती, आणि ते कार्ड दर चित्रामागे तापून किंचाळायचं. पंखे असे ओरडायचे की आई म्हणायची, त्या मोज्याला कुणी मारतंय का बघा. तू म्हणालीस, "बाबा, हे चौऱ्याऐंशी अंशावर जातंय." मी म्हटलं, पोरी, उभा जन्म लोकांची घरं गार करण्यात गेला, तुझं एवढंसं कार्ड गार करता येणार नाही होय?

मग काय! मूळचा प्लॅस्टिकचा डबा काढला. जुन्या मशीनमधला ॲल्युमिनियमच्या पात्यांचा मोठा ठोकळा हॅकसॉने कापून बेताचा केला. चार भोकं पाडली. मधल्या मोठ्या चिपवर उष्णता ओढून घेणारी पेस्ट, भोवतीच्या मेमरीच्या आठ छोट्या चिपांवर ती रबरासारखी मऊ पॅडं, वर ठोकळा, ठोकळ्यावर दोन मोठे पंखे केबल टायने आवळून बसवले. दिसायला ध्यान होतं, पण चालू केल्यावर आकडा बासष्टवर येऊन थांबला. बासष्ट! मी आईला घरून दुकानात बोलावून तो आकडा दाखवला. तुझ्या दहावीच्या निकालालाही मी एवढा नाचलो नव्हतो.

आणि एवढी गार जागा हाताशी आल्यावर वेग वाढवल्याशिवाय मला राहवेना. तू कार्डाचा वेग थोडा चढवलास, मेमरीचाही, आणि म्हणालीस, "बाबा, एवढं बस." मी म्हटलं, अजून एक खाच. मग अजून एक.

गिऱ्हाईक आलंय. बाकीचं उद्या लिहितो.

६ मार्च, दुपार

उद्या म्हणता म्हणता परवा उजाडला. वर लिहिलेलं आत्ता वाचून पाहिलं. घड्याळवाल्याचे कान आले, आईचा गुडघा आला, जे लिहायला बसलो होतो तेवढंच आलं नाही. तुझी आई म्हणते ते खरं आहे, मला गोष्टीच्या भोवती प्रदक्षिणा घालायला फार आवडतं.

तर ऐक. तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी तू आईशी बोलत होतीस. आईने पीठ मळताना फोन स्पीकरवर ठेवला होता आणि मी पलीकडच्या खोलीत इस्त्री करत होतो. तू सांगत होतीस की कॉलेजातल्या तुझ्या त्या लंबू मैत्रिणीने स्वतःचा छोटा स्टुडिओ काढलाय, तुला बोलावतेय, मार्चअखेरपर्यंत जागा धरून ठेवते म्हणाली. आई म्हणाली, मग जा की. त्यावर तू जे म्हणालीस ते मला शब्दन् शब्द पाठ झालंय. "नको गं आई. माझ्या हाताला ती नजाकत नाही. बाबांनी कार्ड इतकं चांगलं करून दिलं होतं, बासष्टवर चालत होतं, तरी माझ्याच्याने झालं नाही. मशीनमध्ये दोष नव्हता, माझ्यात होता."

ठकू, शर्टाची बाही जळली. आईला वाटलं, मी पेपर वाचत होतो.

ती फिल्म करताना चित्रांवर रंगीत ठिपके यायला लागले होते, आठवतंय ना? हिरवे, जांभळे, कुठेही. मग स्क्रीनच गोठायचा. पहिल्याच दिवशी तू मला विचारलं होतंस, "बाबा, कार्डामुळे असेल का?" आणि मी बोटाने तो आकडा दाखवला. म्हटलं, बासष्ट आहे, बासष्ट! याच्याहून गार ठेवायचं तर फ्रीजमध्येच ठेवावं लागेल. तुझ्या फायलींत बघ, काहीतरी गोंधळ घातला असशील.

तू माझं ऐकलंस. नऊ दिवस स्वतःच्या फायलींत चूक शोधत राहिलीस. आधी मोज्याची लोकर काढलीस, मग खिडकीतलं ऊन काढलंस, मग पाऊलवाटेवरचं गवत. फिल्म निम्मी झाली आणि तारीख आली. परीक्षकबाईंनी लिहिलं, "कल्पना सुंदर, कामात निष्काळजीपणा." तो कागद तू घडी करून पाकिटात ठेवलास. अजूनही तिथेच असेल, मी ओळखतो तुला.

तो बासष्टचा आकडा मधल्या मोठ्या चिपचा होता. भोवतीच्या मेमरीच्या चिपा किती तापल्यात ते त्या स्क्रीनवर दिसतच नाही. आणि त्यांच्यावरच्या पॅडांना दोन्ही बाजूंनी पातळ प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं. वरचं निळं, ते दिसतं. खालचं काचेसारखं पारदर्शक, ते नखाने सोलावं लागतं. आठपैकी चार पॅडांचं खालचं प्लॅस्टिक मी काढलंच नव्हतं. चिपा रेनकोट घालून घाम काढत होत्या आणि वरून मी त्यांना पळवत होतो; ठिपके त्यातूनच यायचे. चाळिशी खिशात होती. तुझ्यासमोर लावायची लाज वाटली.

तुझ्या फायलींत काहीही चूक नव्हती.

७ मार्च, सकाळ

काल इथेच थांबलो होतो. त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली होती, "हे मला आत्ता कार्ड उघडल्यावर कळलं." सहीसुद्धा केली होती. पाकीट चिकटवायला गेलो आणि हात चालेना. तेवढा खालचा तुकडा फाडला. हे नवीन पान.

मला आत्ता कळलेलं नाही. निकालानंतर आठव्या दिवशी कळलं. तू आत बसून भिंतीवरची तुझी रेखाटनं उतरवत होतीस. मला उगाच रुखरुख लागली म्हणून बाहेर ओट्यावर कार्ड उघडलं, या वेळी चाळिशी लावून. चार तुकडे होते, नखाएवढे. मी ते सोलून खिशात घातले. घरातल्या कचऱ्यातही टाकले नाहीत, कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन तिथल्या पेटीत टाकले. मग कार्ड होतं तसं जोडलं आणि मूग गिळून बसलो. पुढच्या महिन्यात तू विम्याच्या ऑफिसात लागलीस. मी तुला नवी पर्स आणली.

का बोललो नाही ते स्वतःला पुष्कळदा विचारलंय. एकच उत्तर आहे आणि ते काही शोभेचं नाही. शाळा अर्धवट सोडलेला माणूस मी. माझ्यापाशी मिरवायला दोन हात तेवढे होते. तू लहानपणी मैत्रिणींना सांगायचीस, माझे बाबा कुठलंही यंत्र बरं करतात. ते तुझ्या तोंडून जाऊ नये एवढ्यासाठी मी गप्प राहिलो. आधी वाटलं, दोन दिवसांनी सांगू. मग वाटलं, पोरगी सावरतेय, कशाला खपली काढा. मग वर्षं गेली आणि ते सांगणं इतकं मोठं होऊन बसलं की त्याच्या बाजूने निघायलाही वाट राहिली नाही.

काल संध्याकाळी तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "पोरगी पाच वर्षं स्वतःला नालायक समजत राहिली, आणि तुम्ही शेजारी बसून चहा पीत राहिलात?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. आज डबा दिला, पण टेबलावर ठेवून गेली. तिचं बरोबर आहे.

आता मी काय केलं ते सांगतो. बढाई म्हणून नव्हे, तुला खात्री पटावी म्हणून. आठही पॅडं नवीन आणली, दोन्ही बाजू सोलल्या, सोललेली सोळा प्लॅस्टिकं बाकावर ओळीने मांडून मोजली. वेग कारखान्यातून आला तेवढाच ठेवला, एक खाचही वर नाही. मग तुझ्या फायली काढल्या. छाटलेल्या नव्हेत, त्याच्या आधीच्या, लोकर आणि ऊन आणि गवत असलेल्या. कशा चालवायच्या ते तुझ्या वहीत लिहिलेलं होतं, इतकं नीट की माझ्यासारख्यालाही जमलं. निष्काळजी माणसाची वही अशी नसते.

सहा दिवस लागले. पाच हजार सातशे साठ चित्रं. रोज दुकान उघडायच्या आधी बसून मी ती सगळी चाळिशी लावून पाहिली. एकाही चित्रावर एकही ठिपका नाही. कार्ड तेच, फायली त्याच, मधे फक्त माझे ते चार तुकडे नाहीत.

फिल्म पाकिटातल्या छोट्या ड्राइव्हवर आहे. मी जोडून पाहिलेली नाही. चित्रं सुटी सुटी पाहिली, पण चालवून पहिल्यांदा तू बघायचीस. लंबूलाही पाठवलेली नाही. एकदा तुझ्यासाठी मी अजून एक खाच, अजून एक खाच करत गेलो, आता तुझ्या कामात तू सांगितल्याशिवाय हात घालणार नाही. पण मार्चअखेरीला अजून तीन आठवडे आहेत. विमाच आवडत असेल तर खुशाल तिथे राहा, मी चकार शब्द काढणार नाही. फक्त "मला जमत नाही" म्हणून राहू नकोस. ते खोटं आहे आणि ते मी तुला शिकवलं.

मला माफ कर असं लिहिलं होतं, ते खोडलंय. तू लगेच फोन करशील, "जाऊ द्या हो बाबा" म्हणशील, आणि माझीच समजूत काढत बसशील. मला ते नको आहे. राग येईल तेवढा येऊ दे. महिनाभर बोलू नकोस, वर्षभर बोलू नकोस. आईला मात्र फोन करत जा.

एक गोष्ट मात्र लिहिल्याशिवाय पाकीट बंद करता येणार नाही. मी आईलाही ती सांगितलेली नाही. निकालाच्या संध्याकाळी तू माझ्या बाकाशी येऊन उभी राहिली होतीस. डोळे सुजलेले होते. म्हणालीस, "बाबा, तुम्ही माझ्यासाठी एवढे कष्ट घेतलेत आणि मी ते वाया घालवले. सॉरी." तेव्हा मला प्लॅस्टिकचं ठाऊक नव्हतं, म्हणून मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "असू दे." पण आठव्या दिवशी ठाऊक झालं, आणि तरीही ते सॉरी मी तुला परत केलं नाही. मोठ्या मनाने माफ करणारा बाप म्हणून पाच वर्षं घरात वावरलो.

ते सॉरी तू मला द्यायचं नव्हतंस, ठकू. मी तुला द्यायचं होतं. उशिरा देतोय.

तुझा,
ज्याची चूक होती तो,
बाबा