पोलीस की हमाल

बा, तुझ्या टोपीवरून घरात भांडण झालं. तू जाऊन इतकी वर्षं झाली की माझे केस पांढरे होऊन आता विरळ व्हायला लागले, आणि तुझी टोपी तर तुझ्या मागं सरकारात जमा झाली. तरी भांडण झालं. तू मला चौथीपर्यंतच शिकवलंस, त्यामुळं लिहायला बसले की शाळेच्या पुस्तकातली भाषा येते आणि मधेच आपली घुसते. सांभाळून घे. तू तरी कुठं मोठा पंडित होतास, दोन ओळींचा पंचनामा लिहिताना जीभ बाहेर काढायचास.

पोलीस लाईनीतली ती खोली मला अजून पाठ आहे. दारातून आत आलं की चुल्हा, चुल्ह्यामागं माय, आणि तिच्यापुढं आम्ही पोट्टे ओळीनं बसलेलो, रिकाम्या ताटांसमोर. तू आल्याशिवाय कोणाच्या ताटात भाकर पडायची नाही, हा मायचा कायदा, आणि तो सरकारच्या कायद्याहून कडक. लाखोरीच्या डाळीचं वरण थंड होऊन घट्ट व्हायचं, तरी तुझा पत्ता नसायचा. बाकीचे शिपाई जेवूनखाऊन बाहेर खाटेवर पडलेले असायचे आणि आमचा बाप कळमेश्वरच्या रस्त्यावर कोणाच्या तरी बंद पडलेल्या गाडीला खांदा देत असायचा, मेल्या माणसाला देतात तसा. त्या सगळ्या गाड्यांचं पेट्रोल आमच्या पोटातून गेलं बा. तू होतास तोवर हे बोलायची सोय नव्हती. बोलले असते तर थोबाडीत बसली असती. तुझी नाही, मायची.

एक दिवस तू हसतच घरात आलास. मे महिना होता, बाहेर लू सुटलेली. सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच तू सांगायला लागलास. रस्त्याच्या कडेला एक मोटार उभी आहे, बोनट वर केलेलं, मालक घामानं निथळतो आहे, त्याची बायको छत्री धरून उभी आहे. तू सायकलवरून उतरतोस, काठी आपटत जवळ जातोस आणि विचारतोस, "काहून थांबले गा?" मालक झटकन बोनट खाली पाडतो आणि म्हणतो, "काही नाही जमादार, हवा खाऊन राहिलो." त्या लूमध्ये हवा! बायकोही मान हलवते, हाव म्हणून. तू पुढं निघतोस, वळणावर मागं पाहतोस, तर नवरा-बायको मिळून ती मोटार ढकलत असतात. तुझ्यापासून लांब.

आम्ही हसून हसून लोळलो. मायनं भाकर थापता थापता मान वर केली. "तुमचं तोंडच तसं हाय."

तू म्हणालास, "तोंड नाही वं. टोपी."

त्या दिवसापासून तू बंद पडलेली गाडी दिसली की लांबूनच टोपी काढायचास, सायकलच्या कॅरिअरला अडकवायचास आणि मग जवळ जायचास. काहून थांबले हे विचारणंही सोडलंस. नुसतं म्हणायचास, "ढकलू का?" म्हणजे ज्याला ढकलून पाहिजे त्यानं हो म्हणावं, आणि ज्याला हवा खायची त्यानं खावी.

मग एकदा साहेबाची जीप नेमकी तेव्हाच आली. तुझी टोपी कॅरिअरला, तू अर्ध्या चड्डीत, पाठ वाकवून कोणाच्या तरी संत्र्याच्या ट्रकला लागलेला. साहेबानं सगळ्यांदेखत विचारलं, "तू पोलीस आहेस की हमाल?" घरी येऊन तू ते मायला सांगितलंस, आणि तू दिलेलं उत्तरही सांगितलंस. "म्या म्हणलो, टोपी काढली तवा हमाल, घातली तवा पोलीस, साहेब." त्या उत्तरापायी तुला उन्हात जादा परेड पडली. माय म्हणाली, "आन् जेवाच्या टायमाले कोण होता तुमी?" तू ताट पुढं ओढलंस. मी तेव्हाच मनात ठरवून टाकलं होतं, पोलिसानं पोलिसाचं काम करावं, चोर धरावा, घरी यावं आणि जेवावं. लोकांच्या गाड्या हा काही त्याचा प्रपंच नाही.

आता नवीन ऐक. माझ्या थोरल्या पोराची पोरगी, म्हणजे तुझी पणती, पोलिसात लागली. तुझी अर्धी चड्डी आठवते का? हिची पूर्ण पँट आहे आणि वर पट्टा. आणि शिपाई म्हणून लागली ती थेट गाडी चालवायलाच बसली. गस्तीची मोठी गाडी, वर लाल-निळा दिवा. बायांना कोण देतं स्टिअरिंग? हिनं परीक्षा देऊन, साहेब लोकांच्या मागं लागून, घाटात चालवून दाखवून ते मिळवलं. ती कामावर रुजू झाली त्या सकाळी मी तिला एकच सांगितलं, "रस्त्यात कोणासाठी थांबाचं नाही. ड्युटी कर, घरी ये, जेव." ती म्हणाली, "हाव आजी." हाव म्हणणारी माणसं मला आधीपासूनच खोटी वाटतात.

झालं असं. एका सभेचा बंदोबस्त होता आणि गर्दी अडवायचे लोखंडी कठडे घेऊन हिला तिकडं पोचायचं होतं. कळमेश्वरच्या रस्त्याला, तुझ्याच रस्त्याला बा, एक कार कडेला उभी होती, मागचं चाक बसलेलं. हिनं गाडी थांबवली. सोबतचा हवालदार म्हणाला, "मॅडम, चाला, उशीर होऊन राहिला." ही उतरली. कारवाल्यानं टोपी पाहिली आणि काचेतून कागदांची पिशवीच बाहेर काढली. लायसन, विमा, पोल्युशन, जे असेल ते सगळं. बायको आतून ओरडते, "म्या सांगितलं होतं ना पट्टा लावा म्हणून!" तुझ्या पणतीनं काय म्हणावं? "कागद ठेवा आत. पाना हाय का?" पाना होता, पण तो कुठं लावतात हे त्या बाबाला माहीत नव्हतं. हिनंच चाक बदललं.

आता तुला वाटेल की आत कोणी पेशंट असेल, धंतोलीच्या दवाखान्यात निघालेला, शेवटचे श्वास मोजत. नाही. हळदीला निघाले होते दोघं नवरा-बायको, मागच्या सीटवर लाडवांचे डबे. चाक बदलून होईपर्यंत कोणामुळं उशीर झाला यावर भांडत होते.

इकडं कठडे उशिरा पोचले. तेवढ्या वेळात गर्दी रस्त्यावर उतरली, एक मोटरसायकलवाला धक्का लागून पडला, गुडघा फोडून घेतला. साहेब भडकले. खरं सांगायचं तर साहेब खोटे नव्हते. ज्याचा गुडघा फुटला त्यानं काय त्या लाडवांना मलम लावायचं? साहेब हिला म्हणाले, "पेशंट असता तर मी एक शब्द बोललो नसतो. हळदीच्या वऱ्हाडासाठी सरकारी गाडी थांबवतेस?" ही म्हणाली, "थांबल्यावरच कळलं ना साहेब, पेशंट नाही म्हणून." साहेबांनी तिच्याकडं नीट पाहिलं म्हणे, आणि म्हणाले, उद्या सकाळी सगळ्यांसमोर सांग, चुकलं, ड्युटीच्या रस्त्यात पुन्हा थांबणार नाही. नाहीतर स्टिअरिंग सोड आणि चौकात उभी राहा.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन बसली, युनिफॉर्म तसाच. तिचा बाप तिला सांगून गेला होता, माफी माग, दोन शब्दांनी जीभ झिजत नाही. तिनं मला विचारलं, "आजी, तू सांग. मांगू का?"

मी भाकर टाकत होते. तेव्हा मी तिला तुझी गोष्ट सांगितली, आजवर कधी सांगितली नव्हती. हवा खाणारी मोटार, कॅरिअरला अडकवलेली टोपी, ढकलू का, हमाल, जादा परेड, सगळं. मला वाटलं हसेल. बाप्पा, ती तर चिडली.

"मंग पणजोबानं चूकच केली."

"कोनाची चूक वं? तो माणूस उन्हात लोकाच्या गाड्या ढकले. तू एक चाक बदललं तं पणजोबाची चूक काढाले लागली?"

"ढकलल्या ना, पन टोपी काढून ढकलल्या. लोकाले काय वाटलं असन? कोनी भला मानूस भेटला. अन् टोपीवाला आला की पुन्हा बोनट खालीच. पोलिसाचं नाव तिथंच राहिलं. मी टोपी घालूनच थांबीन."

"आन् टोपी पाहून लोक दूर पयाले तं?"

"पयू दे. एक दिवस पयून पयून कंटायतीन."

बा, माझ्या तव्यावरची भाकर जळली. तुला कोणी चूक म्हणावं आणि ते मला थोडं पटावं, असं आजवर झालं नव्हतं. तरी मी तिला खूप टाकून बोलले. म्हटलं, तुला अक्कल आली म्हणून पणजोबाची जाते का? मग जळकी भाकर मी माझ्या ताटात घेतली, तिला चांगली दिली, आणि म्हटलं, "आधी जेवून घे. उपाशी माणूस लवकर माफी मांगते."

ती पोटभर जेवली. यापेक्षा जास्त सल्ला मी दिला नाही, कारण जो द्यायचा होता तो तिला नोकरी लागली तेव्हाच देऊन बसले होते, आणि तो मला आता माझाच वाटत नव्हता. सकाळी ती गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, कठडे उशिरा पोचले ते चुकलं, वायरलेसवर कळवायला पाहिजे होतं. पुढच्या वेळी कळवीन, आणि थांबीन. साहेबांनी गाडीची किल्ली मागून घेतली. घरी आली, हात धुतले, किल्ली लटकवायचं कमरेचं कडं काढून कपाटात ठेवलं. रडली नाही. मी ताट वाढलं.

आता ती चौकात उभी असते. शिट्टी, धूळ, आणि डांबर असं तापतं की चप्पल चिकटावी. गाडी परत कधी मिळेल, मिळेल की नाही, कोणी सांगत नाही. रस्त्यानं गस्तीची गाडी गेली की ती वळून पाहते, हे मला तिच्या बापानं सांगितलं. त्या एका गोष्टीचा मात्र मला त्रास होतो. बाकी ऊन काय, उन्हाला आपण नागपूरची माणसं थोडीच भितो.

परवा मी गुडघे दाखवायला धंतोलीला गेले होते. परत येताना ऑटोवाल्याला म्हटलं, "भाऊ, त्या चौकाकडून घे."

"मावशी, ते उलटं पडते."

"पडू दे."

चौक दिसायला लागला. ती लांबून दिसली, टोपी डोक्यावर, एक हात वर. मी म्हटलं, "आता बंद पाड."

"काय?"

"ऑटो. बंद पाड."

त्यानं आरशातून माझ्याकडं असं पाहिलं, जणू हिनं दवाखान्यात गुडघे नाही, डोकं दाखवायला पाहिजे होतं. "मावशी, समोर पोलीस उभी हाय!"

"म्हणून तं म्हणून राहिली."

बंद पाडला बिचाऱ्यानं. मी उन्हाच्या निमित्तानं पदर तोंडावर ओढून घेतला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. ती आली. टोपीखालून घाम गालावर उतरलेला. ऑटोवाल्याचे कागद आधीच हातात. आणि त्याच्या तोंडातून काय निघावं? "काही नाही मॅडम, हवा खाऊन राहिलो." बा, मी शिकवलं नव्हतं. माझ्या पदराआड मी दात दाबून धरले.

ती म्हणाली, "कागद ठेवा आत दादा. ढकलू का?"

टोपी तिनं तुझ्यासारखी काढली नाही, प्रश्न मात्र तुझाच घेतला. मग आत वाकून म्हणाली, "मावशी, तुम्ही उतरू नका, बसून राहा." आणि मागं गेली. ऑटो हलला. तेवढ्यात बाजूचा एक मोटरसायकलवाला, मिशीवाला, चांगला बाप्या माणूस, हसून म्हणाला, "काय मॅडम, पोलीस हाय का हमाल?"

"दोन्ही," ती म्हणाली. "पांढऱ्या पट्टीच्या मांगं घे गाडी. सिग्नल लाल हाय."

त्यानं घेतली. हसत नव्हता.

रात्री जेवताना ती म्हणाली, "आज एक ऑटो ढकलला. आतली म्हातारी लय जड होती."

मी म्हटलं, "असन. वरण घे."

हे पत्र कुठं टाकायचं नाही. घरात कुठं ठेवलं तर तिच्या हाती लागेल, आणि मग माझी काही खैर नाही. उद्या अंघोळीच्या पाण्याला बंब पेटवीन तेव्हा आधी हेच आत जाईल. तेवढ्यात तू वाचून घे. ऑटो बंद पडला नव्हता बा, हे तुझ्याशिवाय आणि त्या ऑटोवाल्याशिवाय कोणाला माहीत नाही. आणि ती मागून ढकलत होती तेव्हा, त्या उन्हात, पदराआड, मी खरंच हवा खाऊन राहिली होती.